सुलाबाईनं मीठ सोडलं

शहापूरच्या विणकर गल्लीत सुलाबाईच्या नजरेला सगळे वचकून असत. कुणाच्या दारात नवी बादली आली, कुणाच्या सुनेनं पाटल्या घातल्या, कुणाच्या तुळशीला मंजिऱ्या जास्त आल्या, काही म्हणून तिच्या नजरेतून सुटायचं नाही. आणि नजरेत भरलेलं पोटात सलल्याशिवाय राहायचं नाही. देवपूजा मात्र तिची कधी चुकली नाही. विठोबाच्या पुढ्यात हात जोडून "देवा, सगळ्यांचं भलं कर" म्हणायची, आणि जरा थांबून, "पर आदी आमचं कर" असंही सांगायची. देवापाशी काय लपवायचं?

तिचं माहेर निपाणीचं. बापाची तंबाखूची वखार होती. थोरली सून म्हणून ती या घरात आली तेव्हा घरात जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचे दोन खड्डामाग होते आणि दोन भाऊ, देवाप्पा आणि परशराम. देवाप्पा तिचा नवरा. दोन वर्षांनी परशरामाचं लग्न झालं आणि बोरगावची ताराबाई धाकटी जाऊ म्हणून आली. ती माप ओलांडून आत आली त्याच दिवशी सासू म्हणाली, "पोरगी पायगुणाची दिसती." सुलाबाईनं ते ऐकलं, मनात ठेवलं, आणि सासू वारली तरी विसरली नाही. आपण आलो त्या दिवशी म्हातारी काय म्हणाली होती? "पोरगी उंच हाय."

सत्त्याहत्तर साली भाऊ वेगळे झाले. भांडण नव्हतं. देवाप्पाला पावरलूम घालायचे होते, परशराम म्हणाला, "अण्णा, मला त्या खडखडाटात देव आठवंना. मी आपला खड्ड्यातच बरा." घराच्या मधोमध भिंत आली. भिंत एक आणि चुली दोन झाल्या.

पुढची सहा-सात वर्षं सुलाबाईच्या सुखाची. देवाप्पानं वडगावात शेड घेतली, माग वाढवले. घरात पंखा आला, स्टीलची भांडी आली, रेडिओला कापडी झूल आली. आणि देवाप्पाच्या अंगाला बाळसं आलं. पूर्वी खड्ड्यात पाय सोडून दिवसभर मागाच्या पावड्या दाबणारा माणूस आता स्टुलावर बसून नुसता मागांवर नजर ठेवी. सूत तुटलं तर कामगार जोडी. हातांना काम नसल्यानं ते तोंडाकडं जायला लागले. दहाला चहा आणि मिरचीभजी, दुपारी जेवणात पापड, लोणचं, भाजलेली सुकी मिरची, चारला बेकरीची खारी, आणि दिवसभर गालात निपाणीची तंबाखू. ती तंबाखू सुलाबाईचा भाऊ सणावाराला आणून द्यायचा. "आमच्या वखारीची हाय. बाजारात मागून मिळायची न्हाई," असं ती भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची.

भिंतीपलीकडं परशराम तसाच काटक होता. पोट पाठीला लागलेलं, पिंढऱ्या दोरासारख्या. सुलाबाई पाणी भरताना ताराबाईला म्हणायची, "तारे, भाकरीला तूप लावत जा की. दिराच्या बरगड्या लांबनं मोजता येत्यात."

ताराबाई घागर कमरेवर घेत म्हणायची, "लावती आक्का. पर ते हिकडं लावलं की तिकडं पांजणीत जिरवून येत्यात."

पांजणी म्हणजे मागावर चढण्याआधी उभ्या सुताला खळ द्यायची. लांबच्या लांब सूत काठ्यांवर ताणायचं, तांदळाच्या पेजेची खळ लावायची आणि दोन्ही अंगांनी दोन माणसांनी कुंचे फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत भराभर चालायचं. थांबलं की धागे एकमेकाला चिकटले म्हणून समजा. पावरलूमला उभं सूत गुंडाळलेले तयार बीम येत, त्यामुळं देवाप्पाची पांजणी सुटली. गल्लीत जे मोजके हातमाग उरले त्यांची पांजणी परशरामच करून देई. उजाडायला सुरू करायचा आणि ऊन तापायच्या आत संपवायचा. पावसाळ्यात देवळामागं समाजाचा लांब पत्र्याचा मांडव होता, तिथं चाले.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात देवाप्पा शेडमध्ये स्टुलावरून उठला आणि परत खाली बसला. डोळ्यापुढं अंधारी आली, मान ताठली. चाळिशी नुकती ओलांडली होती. कामगारांनी परशरामाला बोलावलं, परशरामानं रिक्षा केली, सुलाबाई पदर खोचून मागोमाग दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, काट्याकडं बघितलं, परत एकदा भरली.

"वरचं एकशे ऐंशी. खालचं एकशे दहा. कधीपासून आहे हे?"

देवाप्पा विणकराचा बच्चा. सुताचा नंबर जेवढा चढा तेवढं सूत भारी, हेच आयुष्यभर ऐकलेलं. तो हसून म्हणाला, "एकशे ऐंशी नंबर? एवढं तलम सूत तर आमच्या शहापुरात कोन इनत न्हाई, बाई."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "हा नंबर चढला की धागा तुटतो, देवाप्पा. मेंदूतला तुटला तर एक अंग जातं. दुखत-खुपत नाही म्हणून माणूस निवांत राहतो, तेच वाईट." मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. खाता काय, बसता किती, चालता किती, गालात काय आहे. शेवटचं विचारल्यावर देवाप्पा खिडकीपाशी जाऊन थुंकून आला.

"रोज गोळी घ्यायची, बरं वाटलं तरी सोडायची नाही. मीठ अगदी कमी; पापड, लोणचं, भजी बंद. तंबाखू बंद. वजन उतरवा. रोज सकाळी घाम येईल इतकं चाला." एवढं सांगून त्यांनी दाराशी उभ्या परशरामाला हाक मारली. "तुम्ही भाऊ ना? एका रक्ताचे. या, तुमचंही बघू."

पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. बाईंचा चेहरा उजळला. "छान! अगदी हवं तसं आहे." आणि सुलाबाईकडं वळून म्हणाल्या, "बघा बाई, आई एक, बाप एक. घराण्यात असेलही थोडं, पण राहणीचा फरक बघा. हे राहतात तसं यांना ठेवा."

हे राहतात तसं! म्हणजे तारी ठेवते तसं! नवऱ्याच्या जिवाची धास्ती होतीच, पण त्या धास्तीतही सुलाबाईला वाटलं, ह्या बाईला दुसरा दाखला मिळाला नाही का?

घरी आल्यावर तिनं कंबर कसली. लोणच्याच्या बरण्या माळ्यावर चढवल्या. पोरांची आमटी वेगळी, नवऱ्याची वेगळी. गोळी स्वतः हातावर ठेवी, पाणी घशाखाली उतरेपर्यंत हलत नसे. पण ताटावर रोज महाभारत.

"ह्ये काय हाय? भिंत धुतलेलं पानी?"

"डाक्टरनीनं सांगितलंय. खावा गप."

"तूच खा."

"मला काय झालंय खायला? मीठ-तंबाखू खाऊन मी न्हाई पडले आडवी! खावा, न्हाईतर पोरांच्या डोक्यावरचं छत्र जाईल."

देवाप्पा अर्धी भाकरी मोडून उठायचा. चालायला जा म्हटलं तर म्हणे, "कामाबिगर हिंडू? गल्ली म्हनंल, देवाप्पाचं दिवाळं निघालं, सकाळधरनं उधारी मागत फिरतोय." आणि शेडवर गेल्यावर गालात तंबाखू असायचीच. भावाला आणू नको म्हणून कळवायचं सुलाबाईच्या जिवावर आलं होतं. तारीला समजलं असतं ना!

आषाढ लागला. परशराम एके दिवशी दारात येऊन म्हणाला, "अण्णा, पांजणीला मानूस कमी पडतोय रं. जोडीच्या भरमूचा पाय मुरगाळलाय. दुसऱ्या अंगाला कुंचा धरतोस का दोन दिवस? तुझ्यासारखा हात कुनाचा न्हाई."

दोन दिवसांचे आठ झाले, आठाचे महिना. पहिल्या दिवशी देवाप्पाला अर्ध्या वाटेत धाप लागली. परशरामानं नुसतं पाऊल मंद केलं. पुढं हळूहळू देवाप्पाच पुढं जायला लागला. कुंचा हातात असल्यावर कोण कशाला हसतंय? आणि खळ लावताना थुंकायला थांबता येत नाही, म्हणून सकाळची तंबाखू आपोआप सुटली. सुलाबाईनं ते सगळं बघितलं आणि देवाला गूळ ठेवला.

पण जेवणाचं काय? अर्धी भाकरीसुद्धा आता तो घरी खाईना. "भूक न्हाई," म्हणे. पोट उतरलं, तोंडावर तजेला आला, आणि म्हणे भूक नाही! सुलाबाईच्या मनात पाल चुकचुकली. एका सकाळी ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, आणि मधल्या भिंतीतल्या देवळीतून आवाज आला. तिच्याच नवऱ्याचा, समाधानानं भरलेला:

"वाढ गं पोरी आनखी. आमटी वाढ."

सुलाबाईच्या हातातली भाकरी परातीत तशीच राहिली. तव्यावरची करपली. किती महिन्यांत तिनं "वाढ" हा शब्द ऐकला नव्हता!

ती तशीच पिठाच्या हातांनी शेजारच्या दारात गेली. दोघे भाऊ पाटावर बसलेले, आणि ताराबाई डोक्यावरून पदर पुढं ओढून, थोरल्या दिराकडं पाठ किंचित वळवून वाढत होती. थोरल्या दिराशी ती कधी तोंड उघडून बोलायची नाही, तशी रीत.

"बरं चाललंय की!" सुलाबाई म्हणाली. "घरच्या ताटावर माश्या बसत्यात आनि हितं पंगती उठत्यात! काय घातलंयस गं तारे आमटीत? जारण-मारण?"

देवाप्पाचा घास थांबला. परशराम म्हणाला, "वैनी, पांजणीला हात लावलेल्याला उपाशी धाडत न्हाईत. बाऽच्या वक्तापासनं रीत हाय आपली."

ताराबाई हळूच म्हणाली, "आक्का, बसा की. पर अळनी हाय सगळं. माझा चातुर्मासाचा नेम. लेकीचं लगीन ठरलं म्हनून मीठ सोडलंय. दोन भांडी कुठं चढवू, म्हनून हे बी तसंच जेवत्यात. चालंल का तुमास्नी?"

सुलाबाईनं उभ्या उभ्या आमटीत बोट बुडवून चाखलं. खरंच, मिठाचा कण नव्हता. चिंच, जिरं, वाटलेलं खोबरं. आपणही हीच आमटी करतो! तिळाची चटणी तर हिच्यापेक्षा आपली चांगली. मग आपल्या हातचं भिंत धुतलेलं पाणी, आणि हिच्या हातचं "वाढ गं पोरी"?

ती तशीच बाहेर पडली. समोरच्या गंगव्वानं, जिला कानडी-मराठी दोन्हींत टोमणे येत, पायरीवर बसल्या बसल्या विचारलं, "अय्यो यव्वा! सुलाबाई, नवरा तुझा आणि जेवतो तिच्याकडं? बरंय की, तुझं जळण वाचलं."

श्रावणात परत दवाखाना. बाईंनी पट्टा सोडला आणि पहिल्यांदा हसल्या. आकडा पुष्कळ उतरला होता. "असंच चालू दे. मीठ तोडलंय, चालणं आहे, वजन उतरलंय, गोळीलाही मग जोर येतो. बाई, तुम्ही फार छान सांभाळलंत यांना. घरची बाई खंबीर असली की निम्मं औषध तिथंच."

सुलाबाईनं मान खाली घातली. नाही म्हणवेना, हो म्हणवेना. देवाप्पा बाजूला बसून म्हणाला, "व्हय, लई कष्ट घेत्यात घरात."

कुठल्या घरात? तिनं वाटेत विचारलं नाही. पण रिक्षातून उतरेपर्यंत तो एक शब्द तिला कुसळासारखा टोचत राहिला. दुसऱ्याच्या नावावरचा प्रसाद आपल्या हातावर पडावा तशी ती शाबासकी. खाल्ली तर पाप, टाकली तर अपमान.

त्याच दिवशी तिनं उंबऱ्यात बसून नवऱ्याला सांगितलं, "उद्यापासनं तिच्या चौकटीत पाऊल टाकलंसा, तर मी निपाणीची गाडी धरते. दोन पोरं आनि चूल तुमची तुमी बघा."

"अगं, पांजणी—"

"पांजणीला दुसरा मानूस मिळंल. भरमूचा पाय बरा झालाय. मी बघितलाय त्याला, बाजारात पळत हुता."

देवाप्पा भांडखोर नव्हता. भावाकडं जायचा बंद झाला. सकाळी खाटेवर बसून चहा पिऊ लागला, आणि घरचं ताट परत अर्धं राहू लागलं. सुलाबाईला हवं होतं ते मिळालं होतं. नवरा तिच्या पाटावर होता, पण तोंड फिरवून.

गौरी आल्या त्या दिवशी आमटी उतरवताना तिचा हात मिठाच्या बरणीकडं गेला. सणाचा दिवस, एक चिमूट. चिमटीनं काय होतंय?

देवाप्पानं पहिला घास घेतला, थांबला, आणि तिच्याकडं बघून म्हणाला, "आज ग्वाड झालंय गं."

या एका वाक्यासाठी ती किती महिने उपाशी होती, हे तिचं तिलाच तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमूट. मग दोन. मग बोटांनी घेण्याऐवजी चमचा. माळ्यावरून एक बरणी खाली आली. भिंतीजवळ उभी राहून ती मोठ्यानं विचारायची, "आनखी वाढू का वो?" आणि पलीकडून भांड्याचा आवाज थांबला की तिचं पोट भरायचं.

दसरा झाला आणि एका दुपारी देवाप्पाच्या नाकातून रक्त आलं. उन्हानं आलं असेल म्हणाले सगळे. सुलाबाईनं कांदा फोडून नाकाशी धरला, डोक्यावर पाणी थापलं, आणि रक्त थांबल्यावर दवाखान्यात नेलं. बाईंनी पट्टा बांधला. काटा बघताना त्यांची भुवई चढत गेली.

"पुन्हा पहिल्यासारखं. चालणं बंद झालं का?"

"व्हय," देवाप्पा म्हणाला.

"आणि मीठ?" हे बाईंनी त्याला नाही, सुलाबाईला विचारलं.

"न्हाई वो बाई. मीठ कुठलं," सुलाबाई म्हणाली. आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो तसं तिला झालं. देवाप्पानं तिच्याकडं पाहिलं. जिभेला काय कळत नाही? पण तो बोलला नाही. तिला झाकून घेतलं त्यानं.

त्या संध्याकाळी दिवा लावताना तिनं देवाकडं काही मागितलं नाही. तोंड कुठं होतं मागायला? मिठाची बरणी तिनं चुलीमागं ढकलली, आणि नवरा अंगणात बसला होता तिथं जाऊन उभी राहिली.

"एक इचारती. खरं सांगा. तिची आमटी मी चाखली हुती. माझ्यापेक्षा काई येगळी न्हाई. मग तिथं 'वाढ' आनि हितं 'तूच खा', असं का?"

देवाप्पानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग म्हणाला, "तिथं मी दुखनाईत नसतो गं. तू ताट वाढतीस तवा त्यात रोग वाढतीस. पोरांची आमटी येगळी, माझी येगळी. मी एकटा वाळीत टाकल्यावानी. वर छत्र जाईल म्हनून दम. ती नेमाचं वाढती. नेमाच्या ताटाला कोन नाव ठेवतंय? तिथं तीन मान्सं एकच खात्यात, देवाचं म्हनून. आनि ती," तो जरा हसला, "बोलत न्हाई."

सुलाबाईला राग यायला हवा होता. आला नाही. खरं म्हणजे आला, पण राग कुणावर काढायचा ते समजेना. तारीनं जारण-मारण काही केलं नव्हतं. नुसतं सगळ्यांना एका भांड्यातलं वाढलं होतं. एवढं साधं आपल्याला का सुचलं नाही, हीच जळजळ सगळ्यात जास्त झाली.

दिवाळीला निपाणीहून भाऊ आला. फराळाच्या डब्याबरोबर तंबाखूची पुडी काढून त्यानं देवाप्पापुढं ठेवली. सुलाबाईनं ती उचलली आणि भावाच्या पिशवीत परत घातली.

"दादा, ह्ये परत ने. आनि पुन्ना आनू नको."

"का गं? आपल्या वखारीची हाय."

"म्हनूनच. आपल्या घरच्या मालानं माझं कुंकू पुसायला नको." आणि हे ती नेहमीच्या आवाजात बोलली, भिंतीपलीकडं जावं असंही नाही आणि जाऊ नये असंही नाही.

आता कार्तिकी आठवड्यावर आली होती. ताराबाईचा नेम द्वादशीला सुटणार. गंगव्वानं बातमी आणली, "तारी म्हणते, द्वादशीला पहिलं लिंबाचं लोणचं काढणार. परशराम बोटं मोजतोय." सुलाबाईला क्षणभर बरं वाटलं. संपलं तिचं! मग दुसऱ्या क्षणी ध्यानात आलं. म्हणजे आता अळणी ताटाला मानानं बसायची जागा अख्ख्या गल्लीत कुठंच उरणार नाही. इथं रोग्याचं, तिथं लोणच्याचं. आणि देवाप्पाचा काटा वर वर.

द्वादशीला विठोबाच्या देवळात बायका जमल्या. चातुर्मासात जे सोडलं त्याचं दान करून नेम सोडायची पद्धत. कुणी वांगी सोडली होती ती वांगी घेऊन आली, कुणी गूळ. ताराबाई नव्या पितळी गडव्यात मीठ भरून घेऊन आली. पुजाऱ्यांनी संकल्प म्हटला, गडवा घेतला, चिमूटभर मीठ तिच्या हातावर ठेवलं. बायका कौतुकानं म्हणाल्या, "चार महिने मीठ नाही म्हणजे गंमत नाही हो. मन लागतं."

"पायगुणाचीच हाय ती," कुणीतरी म्हातारी म्हणाली.

सुलाबाई पुढं झाली. घरातून निघताना तिनं ठरवलं होतं का, हे नंतर तिलाही सांगता आलं नाही. तिनं पुजाऱ्यांपुढं हात केला.

"मला बी संकल्प सांगा. मी मीठ सोडती."

"आता? चातुर्मास संपला की, बाई. पुढच्या आषाढीला घे."

"चार म्हैन्याचं न्हाई. जन्मभराचं."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पुजारी म्हणाले, "विचार कर. सुटणार नाही मग. कुठं लग्नाला, बारशाला गेलीस तर?"

"दही-भात खाईन. सांगा संकल्प."

पळीभर पाणी हातावरून ताम्हनात पडताना सुलाबाईनं डोळे मिटायला हवे होते. पण ती बघत होती ताराबाईकडं. धाकट्या जावेच्या हातावर ते चिमूटभर मीठ तसंच होतं, तोंड अर्धवट उघडं. चार महिन्यांचा डोंगर उचलून आलेल्या बाईपुढं कुणी गोवर्धन उचलावा तसं झालं तिचं. सुलाबाईच्या अंगातून थंडगार वारं गेलं. नवऱ्याच्या जिवासाठी केलं की हे तोंड बघण्यासाठी, देव जाणे. देवानं दोन्ही धरलं असेल. त्याला हिशोब जमतो.

घरी तिनं एकच भांडं चढवलं. पोरांना मीठ वाटीत, वरून घ्यायला. ताट वाढलं, आणि नेहमी मागून जेवणारी ती आज देवाप्पासमोर आपलं ताट घेऊन बसली.

"ह्ये काय गं?"

"माझा नेम हाय. दोन भांडी कोन चढवनार? तुमाला चालत असंल तर जेवा, न्हाईतर मी तुमच्यापुरतं मिठाचं करती. माझ्या नेमात तुमी कशाला?"

देवाप्पानं तिच्याकडं नीट बघितलं. मग भाकरी मोडली. शेवटच्या घासापर्यंत दोघांत एक शब्द झाला नाही, आणि सुलाबाईच्या आयुष्यात एवढं अवघड काम दुसरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिनंच त्याला उठवलं. "पांजणीला जावा. पर जेवायला हिकडं."

हे परशरामाच्या दारात पोचलं तेव्हा ताराबाई पहिल्यांदा पदर मागं सारून बाहेर आली. "आक्का, पांजणीच्या मान्साला मी जेवू घालायचं असतंय. रीत मोडायची न्हाई."

"रीत मोडत न्हाई गं मी. मान्सं दोन, घरं दोन. तू माझ्या घरवाल्याला घातलंस म्हैनाभर, आता मी तुझ्याला घालती. फिटंफाट."

"माझ्याला कशाला? त्यास्नी माझ्या हातचं लागतंय."

"बघू की, कुनाच्या हातचं लागतंय ते."

ताराबाईच्या कपाळावर आठी पडली. ती आठी कशाची, हे या गल्लीत सुलाबाईइतकं कुणाला ठाऊक असणार? मग सुलाबाईनं आत जाऊन जेवणाची टोपली भरली.

पाऊस संपलेला, म्हणून पांजणी गल्लीत होती. पांढरं शुभ्र सूत देवळापासून पिंपळापर्यंत ताणलेलं, दोन अंगांनी दोघे भाऊ कुंचे मारत चाललेले. देवाप्पा घामानं निथळत होता आणि पुढं होता. ऊन वर आल्यावर त्यांनी हात धुतले, पारावर बसले. सुलाबाईनं भाकरी, आमटी, तिळाची चटणी वाढली. परशरामानं मोठा घास घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. बिचाऱ्याचा काल कुठं चार महिन्यांनी लोणच्याशी मेळ झाला होता.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "जरा मीठ हाय का वो?"

सुलाबाई उत्तर देणार तोच देवाप्पा, तोंडात घास तसाच ठेवून, म्हणाला, "नेमाचं हाय रं परशा. नेमाच्या ताटाला मीठ मागत न्हाईत. माझ्या बायकूचा नेम हाय, गप खा."

सुलाबाईनं मान वळवून बघितलं. ताराबाई आपल्या दारात सुपानं तांदूळ पाखडत उभी होती, सुपाचा आवाज चालूच होता. ऐकू गेलं नसावं.

"काय म्हनालासा?" सुलाबाईनं विचारलं. "जरा मोट्यानं बोला की. मला ऐकू आलं न्हाई."